बडोद्याहून समुद्र नेमका कुठे सुरू होतो?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. लग्न होऊन बडोद्यात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात बाबा आठवडाभर इथे होते. त्यांचं वय ७४, सगळा जन्म नारळी-सुपारीच्या वाडीत आणि समुद्राच्या आवाजात गेलेला. चौथ्या दिवशी त्यांना घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं आणि त्यांनी विचारलं, "अगं, तुमचा समुद्र कुठाय?" गुजरातला एवढा मोठा किनारा, मग बडोद्याला खारा वारा कसा लागत नाही, हे त्यांना काही केल्या उमगेना.

म्हणून पौर्णिमेला त्यांना कावी-कंबोईला घेऊन गेलो. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं, दिवसातून दोन वेळा. बाबांनी निघण्याआधी हिशोब केला. कोकणात सगळेच करतात तो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. लहानपणापासून मी हा हिशोब बघत आलेय, फार तर अर्ध्या तासाचा फरक पडतो. आम्ही साडेअकराला पोचलो, तर समोर पाणीच नव्हतं. करडा, चकाकणारा चिखल, नजर पोचेल तिथपर्यंत. देवळातल्या एकांनी सांगितलं की पाणी आता चारनंतर चढेल. लेकीची संध्याकाळची शिकवणी होती, थांबता आलं नाही. बाबा गाडीत बराच वेळ गप्प होते. पादरा आल्यावर म्हणाले, "तिथी बरोबर होती. पाऊणपटही बरोबर होती."

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांचा हिशोब इथे का चुकला? पाणी एवढं मागे कसं जातं, आणि तो चिखल आला कुठून? त्याच प्रवासात आणखी एक दिसलं. पादऱ्यापर्यंत माती पिवळट, भुसभुशीत होती आणि जंबुसरच्या अलीकडे एकदम काळीभोर झाली. सिंधरोटला महीच्या काठी गेलं तर सपाट शेत चालता चालता अचानक तुटतं आणि खाली खोल घळी दिसतात. इतक्या सपाट मुलखात त्या कशा? लेक नववीत आहे, गुजराती माध्यमात. तिला 'गुजरातचे प्राकृतिक विभाग' असा तक्ता करायचाय. तिच्या वहीत तीन नावं आहेत: कच्छ, सौराष्ट्र, तळगुजरात. ती मला विचारते, "आई, आपण तळगुजरातमध्ये, पण कावी आणि सिंधरोट एकसारखे कुठे आहेत?" मला उत्तर देता येत नाही.

बाबा दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. लाटा खडकावर फुटतात असा समुद्र गुजरातमध्ये कुठे आहे, तेही सांगा.

महीकाठचे काका

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हिशोब बरोबरच आहे. फक्त तो मोकळ्या समुद्राचा हिशोब आहे आणि कावी मोकळ्या समुद्रावर नाही.

भरती ही एक लांबलचक लाट असते. कोकणाला ती थेट अरबी समुद्रातून येऊन लागते. कावीला पोचायला मात्र तिला खंभातच्या आखाताच्या तोंडातून आत शिरून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला चढावं लागतं. आखात उथळ आहे, आणि पाणी उथळ झालं की भरतीची चाल मंदावते. त्यामुळे मुंबईला भरती पूर्ण झाली की आखाताच्या वरच्या टोकाला ती चार-पाच तासांनी पूर्ण होते. तुम्ही साडेअकराला गेलात तेव्हा हर्णैला भरती होती आणि कावीला ओहोटी. तुमच्या बाबांच्या मनात दिसत होतं ते पाणी खरंच होतं, पण त्यांच्या गावी.

आता चिखल. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे, दक्षिणेला रुंद आणि उत्तरेला चिंचोळा. रुंद तोंडातून शिरलेलं पाणी पुढे अरुंद जागेत दाटतं, मग ते उंच चढण्यावाचून जाणार कुठे? मुंबईला उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, दापोलीकडे त्याहून कमी. भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तळाला उतार जवळजवळ नाही, म्हणून दहा मीटर पाणी उतरलं की किनारा मैलोन् मैल उघडा पडतो. भावनगर बंदराला पाणी धरून ठेवायला लॉकगेट बांधावं लागलं, नाहीतर ओहोटीला जहाजं चिखलात बसली असती. अलंगला हाच चिखल उपयोगी पडला. १९८३ पासून तिथे जुनी जहाजं उधाणाच्या भरतीवर स्वार करून किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी उतरलं की तोडायला घेतात. गोदीची गरजच नाही.

गाळ आणतात साबरमती, मही, नर्मदा आणि तापी. चारही नद्या याच एका आखातात रिकाम्या होतात, शिवाय आपल्या विश्वामित्रीला पोटात घेऊन ढाढरही येते. एकेकाळी खंभात हे देशातलं नावाजलेलं बंदर होतं, याच गाळाने बुजलं. भरूचच्या या भरतीचं वर्णन दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवलंय: पाणी गर्जना करत आत घुसतं, नवख्या जहाजाला नदीचं तोंड सापडत नाही, म्हणून राजाचे कोळी पुढे येऊन जहाजं आत नेतात. मी हे वाचलं तेव्हा रात्री उठून पुन्हा वाचलं होतं.

मी नोकरीची एकतीस वर्षं तेलाच्या विहिरी खणण्यात घालवली. अंकलेश्वर, खंभात, कलोल, मेहसाणा. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये तेल-वायू सापडला, १९६० मध्ये अंकलेश्वरला, त्यानंतर आमच्या पिढीला काम मिळालं. रिगवर उभं राहिलं की जमीन वेगळी समजते. सौराष्ट्रात काळा खडक पायाशी असतो. तोच काळा खडक लागायला आमच्याकडे हजारो फूट खाली जावं लागायचं, आणि तोवर खणताना वर येणाऱ्या चुऱ्यात फक्त वाळू, चिकणमाती, शेल म्हणजे पापुद्र्यांचा मातकट खडक, पुन्हा वाळू. कारण इथे जमिनीला दोन मोठ्या समांतर भेगा पडल्या आणि मधला पट्टा कोट्यवधी वर्षं हळूहळू खाली बसत गेला. नद्या आणि समुद्र तो भरत राहिले. खंभातचं आखात म्हणजे त्या बसलेल्या पट्ट्याचा अजून न भरलेला भाग. तुमचा चिखल हे ते चालू असलेलं काम आहे, ताई. ते अर्धवट राहिलेलं आपण बघतोय.

तेव्हा बडोद्याहून समुद्र कुठे सुरू होतो, याचं माझं उत्तर असं: तो कुठे सुरू होतो ते तिथी आणि घड्याळ बघून ठरतं.

निजामपुऱ्याचा सायकलवाला

फक्त एक काळजीची गोष्ट. कावीला ओहोटीत चिखलात उतरू देऊ नका, लेकीलाही नाही आणि बाबांनाही नाही. कोकणातल्या पुळणीवर चालायची सवय असलेल्या माणसाला हा चिखल वरून घट्ट वाटतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती येते ती चालत नाही, धावत येते. देवळाच्या फरसबंदीवरूनच बघा. वेळही रोज तिथेच विचारा.

दगडवेडी

ताई, मी सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र शिकले आणि आता बारावीला शिकवते. तुमच्या लेकीचा प्रश्न मला फार आवडला, कारण 'तळगुजरात' या एका शब्दाखाली चार वेगळ्या जमिनी दडल्या आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हे शेतकऱ्यांना कधीपासून माहीत आहे. त्यांनी नावंच वेगळी ठेवली आहेत.

महीच्या पलीकडे, आणंद-नडियादकडे, चरोतर. तिथली माती गोराडू: रेताड, हलकी, पिवळट-तपकिरी, तंबाखू आणि केळीला मानवणारी. पादऱ्यापर्यंत तुम्ही बघितलीत ती याच जातीची. पुढे जंबुसर, आमोद, करजण, वागरा हा कानम. कानमची माती काळी, कपाशीची. पावसात पायाला चिकटून सुटत नाही आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. लाव्ह्याचा काळा खडक झिजून झालेली ही माती नद्यांनी इथे आणून पसरली. एकाच सपाट मैदानात, एकाच रस्त्यावर दोन माती, कारण आणणारं पाणी वेगळं. खंभातच्या वर, धोळका-धंधुकाकडे भाल. तिथे जमीन खारी, झाड औषधाला सापडत नाही, आणि तरी पावसाने मुरलेल्या ओलीवर भालिया गहू येतो, पाणी न देता. त्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भालमध्येच लोथल आहे. आज तिथून समुद्र लांब आहे, पण हडप्पाकाळात ते बंदर होतं असं मानतात. नळ सरोवर त्याच्या वरच्या अंगाला, खंभातचं आखात आणि कच्छचं छोटं रण यांना जोडणाऱ्या सखल पट्ट्यात. कधीकाळी समुद्र या वाटेने आत शिरत असावा आणि सौराष्ट्र बेटासारखं असावं, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात.

आता तुमच्या घळी. इथे त्यांना कोतर म्हणतात, तुम्हीही तक्त्यात कोतरच लिहा. महीच्या काठी कोतरांच्या भिंती काही ठिकाणी तीस मीटरपर्यंत उभ्या आहेत. वासदच्या पुलावरून रेल्वे जाताना दोन्ही बाजूंना दिसतात. ही सगळी जमीन नदीने आणि वाऱ्याने आणून टाकलेला बारीक गाळ आहे, लाखभर वर्षांत थरावर थर बसलेला. मग दोन गोष्टी झाल्या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगभर समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा खंभातचं आखात कोरडी जमीन होती आणि मही तिच्यावरून वाहत खूप लांब जात होती. समुद्र खाली गेला की नदी आपलं पात्र खोल कापते. शिवाय जमीनही थोडी थोडी वर उचलली गेली. नदी खाली गेल्यावर शेतांवरून धावणारं पावसाचं पाणी तिला गाठायला मऊ गाळ चिरत गेलं. हा गाळ कोरडा असला की भिंतीसारखा उभा राहतो, ओला झाला की ढासळतो, म्हणून कोतराची कड सरळ असते.

तुमच्या घराजवळची विश्वामित्रीही अशीच खोल गेलेली आहे. कमाटीबागेच्या पुलावरून खाली बघा, काठ किती उंच आहेत. त्याच मऊ काठांत मगरी बिळं करतात. पावसाळ्यात ती पावागढचं आणि आजवा सरोवराकडचं पाणी घेऊन येते, पुढे वाट नागमोडी, उतार नाही, आणि मग २०२४ च्या ऑगस्टसारखं होतं. माझ्या आईच्या घरात तेव्हा छातीपर्यंत पाणी होतं. त्या पाण्याने मागे ठेवलेला गाळ मी चमच्याने काढून डबीत ठेवलाय. हे मैदान कसं झालं ते मुलांना दाखवायला याहून चांगलं मला काही सापडलं नाही.

आणि पावागढ लेकीला नक्की दाखवा. मैदानातून एकदम वर उठलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तो लाव्ह्याचा ढीग आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पायथ्याला नेहमीचा काळा बेसाल्ट. माथ्याजवळ फिकट, कडक रायोलाइट, तो सहज झिजत नाही म्हणून कडे असे ताठ उभे आहेत. चढताना दगडाचा रंग कुठे बदलतो ते तिला शोधू द्या.

आजोबांच्या बदल्या

सूनबाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो समुद्र माझ्या घरात गोष्टींतून आला. माझे आजोबा गायकवाडी राज्यात वहिवाटदाराच्या कचेरीत कारकून होते. बडोदा राज्य एकसलग नव्हतं, तुकड्या-तुकड्यांनी पसरलेलं होतं: बडोदा, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत आणि पार पश्चिमेला ओखामंडळ. त्यामुळे नोकरीत बदली झाली की माणूस वेगळ्याच भूमीवर जाऊन पडायचा. आजोबा कडी प्रांतात वाळूत राहिले, सोनगढ-व्यारा बाजूला सागाच्या जंगलात राहिले, धारीला गीरच्या कडेला राहिले आणि शेवटी द्वारकेला. आजी म्हणायची, चार बदल्यांत चार देश बघितले आणि चारही ठिकाणी मराठी बोलणारं एक तरी घर सापडलं.

सौराष्ट्र उलट्या ठेवलेल्या बशीसारखं आहे. मध्यभाग उंच, म्हणून नद्या चारी दिशांना पळतात: भादर पश्चिमेला, शेत्रुंजी पूर्वेला, मच्छू उत्तरेला. गिरनार त्यातला सर्वात उंच, गोरखनाथाचं शिखर १,११७ मीटर. गुजरातमध्ये याहून उंच काही नाही. गिरनार म्हणजे जमिनीखालून वर घुसलेला, आतल्या आत थिजलेला खडक, तो भोवतालचा मऊ भाग झिजल्यावर उघडा पडला.

खडकाळ समुद्र हवा तर सौराष्ट्राच्या किनाऱ्याला जा. द्वारका, पोरबंदर, वेरावळ, कोडीनार, दीव. पण बाबांना आधी सांगून ठेवा की तो हर्णैचा काळा कातळ किंवा जांभा नसेल. तो पिवळसर-पांढरा चुनखडक आहे, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची वाळू घट्ट होऊन झालेला. पोरबंदरचा दगड म्हणतात तो हाच. खाणीतून काढताना मऊ, करवतीने कापता येतो, मग हवा लागून टणक होतो. मुंबईच्या जुन्या इमारतींतही तो गेला आहे. द्वारकेला लाटांनी त्याला खालून पोखरून कपारी केल्या आहेत. आजोबा संध्याकाळी तिथे बसायचे. ओखा बंदर बडोदा सरकारने बांधलं, १९२६ मध्ये ते सुरू झालं, आणि त्या काळात ते तिकडेच होते.

पोरबंदरहून दक्षिणेला जाताना माधवपूरला थांबा. समोर स्वच्छ वाळूचा किनारा, मागे घेड. घेड हा खोलगट मुलूख आहे. भादर, ओझत या नद्या पावसाळ्यात तिथे येऊन पसरतात आणि किनाऱ्याकडची जमीन आतल्यापेक्षा उंच असल्याने पाणी लवकर समुद्रात जात नाही. गावं बेटं होतात. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर हरभरा.

आणि अगदी जवळचं हवं असेल तर वलसाडजवळच्या तिथल गावचा किनारा. सुट्टीच्या दिवशी जाऊन परत येता येतं. वाळू काळी आहे, कारण मागे सह्याद्री आहे. डांग आणि सापुतारा हे सह्याद्रीचं उत्तर टोक. तिथे बाबांना ओळखीचं वाटेल.

भुजहून परत आलेला

कच्छबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मी तिथे सहा वर्षं होतो. लेकीला सांगा की रण म्हणजे राजस्थानसारखं वाळवंट नाही. तो वर उचललेला आणि गाळाने भरलेला समुद्राचा तळ आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा खारं पाणी आत ढकलतो, लुणी-बनाससारख्या नद्या गोडं पाणी आणतात, फूट-दोन फूट पाणी मैलोन् मैल उभं राहतं. हिवाळ्याकडे ते आटतं आणि मीठ राहतं. त्यातून वर राहिलेल्या टेकड्यांना तिथले लोक आजही बेट म्हणतात: पच्छम, खडीर, बेला. पच्छमवरचा काळो डुंगर कच्छमधला सर्वात उंच. खडीरवर धोळावीरा, २०२१ पासून जागतिक वारसा.

एक तारीख तिच्या तक्त्यात घालाच: १६ जून १८१९. त्या दिवशीच्या भूकंपात मोठ्या रणात सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा मातीचा बांध जमिनीतून वर आला, काही ठिकाणी पाच-सहा मीटर उंच. शेजारची जमीन खाली गेली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. माणसाने बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाहबंद नाव दिलं. जमीन आजही स्थिर नाही. २६ जानेवारी २००१ चा भूकंप आपण सगळ्यांनी पाहिला.

किनाऱ्याच्या लांबीचं एक. जुन्या पुस्तकांत १६०० किलोमीटर आहे. अलीकडे केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत २३०० च्या वर गेली. किनारा वाढला नाही. आखातं, खाड्या आणि बेटांच्या कडा आता बारकाईने धरून मोजल्या. दोन्ही आकडे लिहून कारण लिहिलं तर गुण जास्त मिळतील.

दांडियाबाजारची सून

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री बाबांना फोन लावून महीकाठच्या काकांचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. "पाणी होतं, पण त्यांच्या गावी" या ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, त्या दिवशी साडेअकराला शेजारच्यांची होडी खरंच भरतीवर आत आली होती, त्यांनी संध्याकाळी फोनवर विचारून घेतलं होतं. मला हे सांगितलंच नव्हतं. महिनाभर त्यांच्याही मनात तेच होतं तर.

लेकीने तक्ता नव्याने घेतलाय. तीन मोठे रंग ठेवले, आणि आत चरोतर, कानम, भाल, घेड, खडीर, डांग अशी नावं लिहिली. चरोतर आणि कानमच्या जागी तिला खरी माती चिकटवायची आहे. रविवारी पादऱ्याच्या आणि जंबुसरच्या रस्त्यावरून दोन पिशव्या भरून आणल्या. काळी माती कागदावर सुकून फुटली, तिला भेगा पडल्या. तिने ती तशीच ठेवली आणि खाली बाण काढून 'कानम, उन्हाळा' लिहिलं. दगडवेडीताई, तुमच्या डबीतला चमचाभर गाळ मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.

बाबा त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येताहेत. कावीला दुपारी तीनला पोचायचं ठरलंय, शिकवणी बुडाली तरी चालेल. देवळाच्या फरसबंदीवरच थांबू, सायकलवाले दादा, काळजी करू नका. तिथून दोन दिवसांनी रात्रीच्या गाडीने द्वारका. बाबांनी त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, आईने फोटो पाठवला: "कावी: पाऊणपट अधिक पाच."